काचेचा दिवा आणि वहीतला हिशेब

(नवसाक्षर बंधुभगिनींच्या मेळाव्यात केलेले भाषण)

आज आपण काचेविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गुरुजींना आज हे काय सुचले? शेती, बी-बियाणे, औषधपाणी सोडून काच? पण थोडे थांबा. बोलणे काचेपासून सुरू होईल आणि तुमच्या हातातल्या वहीपाशी येऊन थांबेल.

आमच्या लहानपणी आमच्या गावात वीज नव्हती. घरात एक कंदील होता. दिवेलागणीच्या आधी त्याची काच राखेने पुसून लख्ख करायची, हे काम आमच्याकडे असे. एकदा आम्ही खेळून उशिरा आलो. आईने कंदील आधीच लावला होता. काच काळी दिसली, म्हणून ओले फडके घेऊन ती तशीच पुसायला गेलो. टच् असा आवाज झाला आणि काच तडकली. आई काही बोलली नाही. पण पुढचा बाजार येईपर्यंत चार दिवस आम्ही सगळे चुलीच्या उजेडात जेवलो. काच म्हणजे काय, हे आम्हाला त्या चार दिवसांत कळले.

काच का बरे तडकली? वस्तू तापली की फुगते आणि निवली की आकसते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना तुम्ही पाहिले असेल. लोहार धाव लालबुंद तापवतो. ती फुगून मोठी होते. मग चाकावर बसवून वर पाणी ओततात. धाव आकसते आणि चाकाला घट्ट आवळते. काचेचेही तसेच. पण काचेत उष्णता हळू पसरते. जिथे गार पाणी लागले तेवढा भाग एकदम आकसतो. शेजारचा भाग गरमच राहतो. दोघांत ओढाताण होते. लोखंड ही ओढाताण सोसते. काच सोसत नाही, ती तडकते.

ही काच होते कशाची? वाळू, सोडा आणि चुनखडी यांची. तीन साध्या वस्तू. पण त्या वितळून एकजीव व्हायला भट्टी पेटवावी लागते ती सुमारे दीड हजार अंशांची. पाणी उकळते १०० अंशांवर. यावरून त्या भट्टीची आच ध्यानात घ्या. वस्तू घडल्यावर ती घाईने निववून चालत नाही. सावकाश, टप्प्याटप्प्याने निववावी लागते. काचेच्या कामात घाई केली की नुकसान आलेच.

काचेचे काम आपल्या मुलखाला नवे नाही. तेर आणि नेवासे येथे जमीन खणून पाहिली, तेव्हा सातवाहनांच्या काळातले काचेचे मणी सापडले. कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर काचेच्या बांगड्या सापडल्या. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांच्या आज्या-पणज्याही काचेची बांगडी भरत होत्या.

पुढे परदेशी काच आली आणि आपली काच मागे पडली. तेव्हा अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. प्रत्येकाने एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी धंदे उभे राहावेत, अशी ती कल्पना. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. त्या पैशा-पैशातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. त्यानंतर १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काच कारखाना घातला. त्या जागेला आजही ओगलेवाडी म्हणतात. त्यांनी केलेल्या कंदिलाला वडिलांचे नाव दिले, प्रभाकर. प्रभाकर कंदील घरोघर गेला. आम्ही ज्याची काच फोडली, तो कंदीलही प्रभाकरच होता!

झाली ही मोठ्या कारखान्यांची गोष्ट. आता आपल्या जवळची गोष्ट सांगतो.

आमच्या गावाशेजारी, कल्याण तालुक्यातच, एक वाडी आहे. तेथे आठ बायांचा एक बचत गट आहे. पापड, लोणची सगळेच करतात. आपण काही निराळे करावे, असे त्यांच्या मनात आले. हमरस्त्यावरच्या ढाब्यांमागे रिकाम्या बाटल्यांचे ढीग पडलेले असतात. त्या बाटल्या कापून, वर चित्रे काढून दिवे करायचे, असे ठरले. एका म्हाताऱ्या आजींनी पहिल्यांदा नाक मुरडले. म्हणाल्या, "ही दारूची बाटली. हिनं माझं घर बुडवलं. तिला पुन्हा घरात आणू?" सगळ्या गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी त्याच आजी बाटल्या धुवायला सगळ्यांच्या आधी हजर.

बाटली कापतात कशी, ते ऐका. ज्या गोष्टीने आमची कंदिलाची काच फोडली, त्याच गोष्टीने ही काच कापतात. हिरकणीने बाटलीभोवती एक सरळ रेघ ओरखडायची. मग त्या रेघेवर आळीपाळीने गरम आणि गार पाणी सोडायचे. ओरखड्याच्या जागी काच कच्ची झालेली असते, म्हणून ती तिथेच तुटते. निदान तुटायला हवी! हात नवखा असला की तडा वाकडा जातो आणि बाटली वाया जाते. कापल्यावर कड सुरीसारखी धारदार असते. ती पाण्यात चालणाऱ्या पॉलिशपेपरने घासायची. काच कधीही कोरडी घासू नये. तिची पूड श्वासातून छातीत जाते आणि ती फार वाईट. नाकातोंडाला फडके बांधावे आणि काच ओलीच घासावी.

मग चित्र. गटात दोघी वारली समाजाच्या. लग्नघरात भिंतीवर चौक लिहिलेला त्यांनी लहानपणापासून पाहिलेला. वारली चित्र गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात. पण काचेवर पीठ टिकत नाही. वाळले की पोपडे सुटतात. म्हणून काचेसाठी निराळा रंग आणावा लागतो. आधी काच स्पिरिटने पुसायची. बोटाचा तेलकट डागसुद्धा राहता कामा नये. मग बारीक टोकाच्या नळीने रेघा काढायच्या आणि पुरा एक दिवस सुकू द्यायच्या.

त्या दोघींनी इतर सहाजणींना शिकवले. एक गोष्ट मात्र बजावली. "तारपा काढा, शेत काढा, मोर काढा. पण लग्नाचा देवचौक बाटलीवर काढायचा नाही." आम्हाला ते फार पटले. वारली चित्रे जगापुढे नेणारे जिव्या सोमा म्हसे हे डहाणू तालुक्यातले. तो तालुका २०१४ सालापर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. त्यांची कला आज कपड्यांवर, कपबश्यांवर, भिंतींवर सगळीकडे दिसते. विकायला हरकत नाही. पण ज्यांची कला आहे त्यांना विचारावे, आणि काय विकू नये तेही त्यांच्याकडूनच शिकावे.

तर असे १२० दिवे करायचे ठरले. विकायचे कुठे? आपल्याकडे जत्रा पुष्कळ. मुरबाड तालुक्यात पौषी पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. तिथे लोक बैल घ्यायला, घोंगडी घ्यायला येतात. डोंबिवलीत १९९९ सालापासून गुढीपाडव्याला स्वागतयात्रा निघते. तिथे माणसांचा पूर लोटतो. पण ती चालणारी गर्दी असते. काचेचा दिवा घ्यायला माणूस निवांत उभा राहायला हवा. त्याने तो हातात धरून उजेडात पाहायला हवा. असा निवांतपणा कलामहोत्सवात मिळतो. ठाण्याला उपवन तलावाच्या काठी, अंबरनाथला इसवी सन १०६० च्या प्राचीन शिवमंदिराच्या परिसरात असे महोत्सव भरलेले आहेत. बचत गटांसाठी सरकारचे 'महालक्ष्मी सरस' प्रदर्शनही मुंबईकडे भरते. गटाने त्या हिवाळ्यात जवळच्याच एका कलामहोत्सवात तीन दिवसांसाठी गाळा घेतला.

भाव ठरवायला बाया आमच्याकडे आल्या. गुरुजी हिशेबाला पक्के, अशी आमची ख्याती! आम्ही फळ्यावर खर्च मांडला.

बाटल्या १२०, प्रत्येकी ५ रुपये: ६०० रुपये.
रंग, स्पिरिट, कुंचले: २,४०० रुपये.
हिरकणी, पॉलिशपेपर: ६०० रुपये.
खोकी, कागद: ४०० रुपये.
टेंपोचे जाणे-येणे: १,८०० रुपये.
गाळ्याचे भाडे: ३,००० रुपये.
दोघींचे तीन दिवसांचे जेवण व गाडीभाडे: १,२०० रुपये.
एकूण: १०,००० रुपये.

दहा हजाराला १२० ने भागले. एक दिवा सुमारे ८३ रुपयांना पडला. आम्ही म्हणालो, "भाव १०० ठेवा. १२० दिव्यांचे १२,००० येतील. दोन हजार नफा. स्वस्त द्या, म्हणजे हातोहात खपतील." बाया आनंदाने गेल्या.

आणि खरोखर हातोहात खपले. तीन दिवसांचा माल दुसऱ्या दिवशी दुपारी संपला. गाळ्यावर बसलेल्या दोघी हसतमुखाने परत आल्या. रात्री वाडीत सगळ्यांसमोर गल्ला उघडला. मोजला. ८,४०० रुपये निघाले.

पुन्हा मोजला. ८,४००.

बारा हजार यायचे होते. ३,६०० रुपये कमी. खर्चच दहा हजार झाला होता. म्हणजे नफा तर नाहीच, उलट १,६०० रुपयांची खोट.

मंडळी, पुढे काय झाले असेल ते तुम्हाला सांगायला नको. कुणी तोंडावर बोलले नाही. पण पाण्यावर, पारावर कुजबूज सुरू झाली. गाळ्यावर दोघीच होत्या. त्यातली एक तरुण सून. तिला लिहिता-वाचता येत होते. दुसरी एक विधवा मावशी. तिला अक्षर ओळखता येत नव्हते. संशय कुणावर गेला? मावशीवर. गरिबावर संशय लवकर जातो. दोन दिवस मावशी घराबाहेर पडली नाही. गट मोडायची वेळ आली.

तिसऱ्या दिवशी आम्हाला बोलावले. आम्ही मावशीच्या घरी गेलो. तिने आम्हाला काही न बोलता मागच्या पडवीत नेले. तिथे भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा होत्या. पाच-पाचच्या जुड्या. मावशी म्हणाली, "गुरुजी, मला लिहिता येत नाही. पण फुटका माल पुरायचं काम माझं होतं. पोरांच्या पायात जाऊ नये म्हणून मी खड्डा खणून काचा पुरायचे. जी फुटली तिची एक रेघ ओढायचे. वाटेत फुटल्या, गाळ्यावर फुटल्या, त्यांच्याही घरी येऊन ओढल्या."

आम्ही रेघा मोजल्या. सात जुड्या आणि एक. पाच सत्ते पस्तीस, आणि एक छत्तीस.

कापताना १८ फुटल्या होत्या. घासताना, रंगवताना ५. टेंपोत ९. गाळ्यावर ४. एकूण ३६. जिच्या हातून फुटली, तिने लाजेने दुसरीला सांगितले नव्हते. प्रत्येकीला वाटे, आपलीच एखादी-दुसरी फुटली. १२० मधून ३६ गेले, राहिले ८४. प्रत्येकी १०० रुपये म्हणजे ८,४००. गल्ल्यातला पैसा न् पैसा बरोबर होता.

चूक मावशीची नव्हती. चूक आमची होती. आयुष्यभर शाळेत भागाकार शिकवला, पण १२० बाटल्या आणल्या म्हणजे १२० दिवे विकले जाणार, असे धरून आम्ही मोकळे झालो. कंदिलाची काच स्वतःच्या हाताने फोडलेला माणूस काच फुटते हेच विसरला! आम्ही त्याच संध्याकाळी वाडीतल्या सगळ्यांना त्या पडवीत नेले, रेघा मोजून दाखवल्या आणि मावशीची माफी मागितली. मावशी एवढेच म्हणाली, "मला लिहायला शिकवा. भिंत कुणी सारवली असती, तर माझं काय झालं असतं?"

बंधुभगिनींनो, हा प्रश्न घरी घेऊन जा. भिंत कुणी सारवली असती तर?

आता काचेचा भाव कसा लावायचा, ते आपण कासाराकडून शिकू. कासार बांगड्या भरतो. भरताना एखादी बांगडी वाढवली, तर तिचे पैसे तो आपल्याकडून घेत नाही. (आपल्याकडे बायका बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात.) मग त्या बांगडीचे पैसे कासार कुठून काढतो? त्याला ठाऊक असते की डझनामागे एक-दोन जाणार. त्यांची किंमत तो उरलेल्या बांगड्यांत आधीच घालतो. त्याच्या आजाने, बापाने हेच केले. हा हिशेब ज्याला जमला नाही, तो कासार दुकान बंद करून बसला.

म्हणून पहिला नियम. खर्चाला आणलेल्या नगांनी भागू नका. हाती उरलेल्या नगांनी भागा. दहा हजाराला ८४ ने भागा. दिवा ११९ रुपयांना पडला. आम्ही तो १०० ला विकायला लावला. म्हणजे प्रत्येक दिव्यामागे बायांनी गिऱ्हाइकाला आपल्या पदरचे १९ रुपये दिले. माल हातोहात खपेल नाही तर काय?

दुसरा नियम. आपल्या हाताची मजुरी धरा. एका दिव्याला कापण्यापासून रंगवण्यापर्यंत दोन तास लागत. ८४ दिव्यांचे १६८ तास. आठ तासांचा दिवस धरला, तर २१ दिवस. वाडीत त्या वेळी भातकापणीला बाईला दिवसाला ४०० रुपये मजुरी मिळे. २१ दिवसांचे ८,४०० झाले. शिवाय दोघी तीन-तीन दिवस गाळ्यासाठी अडकल्या. सहा दिवसांचे २,४००. दहा हजार, ८,४०० आणि २,४०० मिळून २०,८०० झाले. त्याला ८४ ने भागा. २४८ रुपये येतात. म्हणजे दिव्याचा खरा भाव २५० रुपये. आम्ही सांगितलेला भाव १०० रुपये!

बाया म्हणाल्या, "गुरुजी, आम्ही तर दुपारी मोकळ्या वेळात काम करतो. त्याची कसली मजुरी?" असे म्हणू नका. मोकळा वेळही आपल्या आयुष्यातलाच असतो. दुसऱ्याच्या शेतात त्याच हातांना मजुरी मिळते, मग आपल्या कामाला का नको? घरच्या बाईच्या श्रमाची किंमत धरायची नाही, ही आपली फार जुनी खोड आहे. ती मोडली पाहिजे.

तिसरा नियम. फूट कमी करा. टेंपोत ९ दिवे का फुटले? ते आडवे ठेवले होते आणि मध्ये नुसता कागद होता. पुढच्या वर्षी खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे केले. दिवे उभे ठेवले. मधल्या फटीत भाताचा पेंढा दाबून भरला. पेंढा आपल्या घरचा, कप्प्यांचे मात्र ५०० रुपये जादा लागले. त्या वर्षी पुन्हा १२० बाटल्या घेतल्या. कापताना १५ गेल्या, रंगवताना ४, टेंपोत ३, गाळ्यावर २. फूट ३६ वरून २४ वर आली. ९६ दिवे हाती राहिले.

भाव २५० लावला. बायांना धाकधूक होती. आम्हालाही होती. शेजारच्या गाळ्यावर कारखान्यातले काचेचे दिवे स्वस्तात मिळत होते. एक बाई आल्या. म्हणाल्या, "अहो मावशी, अडीचशे? रिकामी बाटली तर आहे!"

मावशी रागावली नाही. दिवा पुढे करून म्हणाली, "बाटली पाच रुपयांचीच आहे, ताई. जरा कडेवरून बोट फिरवा. लागतं का कुठं? चार वेळा घासलीय. हा तारपेवाला बघा. याच्याभोवती नाचणारी तेवीस माणसं आहेत. एकेक हातानं काढलीत."

त्या बाई दिवा न घेता गेल्या. असे होते. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. पण मागे उभे राहून एक गृहस्थ ऐकत होते. त्यांनी दोन घेतले.

तिन्ही दिवस मावशी गिऱ्हाइकाला दोन गोष्टी आपण होऊन सांगत होती. "यात मोठी मेणबत्ती लावू नका, काच तडकेल. लहान लावा, नाहीतर बॅटरीवरची दिव्यांची माळ घाला. आणि यात पाणी, सरबत पिऊ नका, रंग खायचा नाही." आम्हाला वाटले, अशाने गिऱ्हाईक बिचकेल. उलट झाले. लोकांचा विश्वास बसला. खरे बोलण्याला पैसे पडत नाहीत. काचेच्या धंद्यात तर ते बोललेच पाहिजे, कारण खोटे पहिल्याच रात्री तडकते.

आणखी एक गंमत सांगतो. हल्ली लोक मोबाईलवरून पैसे देतात. २०१६ साली ही सोय देशात सुरू झाली. आज भाजीवालीकडेसुद्धा तो चौकोनी ठिपक्यांचा कागद असतो. एका तरुणाने दिवा घेतला, मोबाईल दाखवला आणि म्हणाला, "गेले पैसे, मावशी." मावशी म्हणाली, "थांब बाळा, माझ्या मोबाईलवर काय आलंय ते वाचू दे." तिने सावकाश वाचले. "दोन... पाच. एक शून्य राहिलं की रे!" पंचवीस रुपये आले होते. तरुण ओशाळला. घाईत चूक झाली म्हणाला आणि बाकीचे सव्वादोनशे तिथल्या तिथे दिले. मनाने तो चांगला होता. पण मावशीला आदल्या वर्षी वाचता येत नव्हते. तेव्हा असे झाले असते, तर तो निघून गेला असता आणि पुन्हा कुजबूज सुरू झाली असती. शून्याला एकट्याला काही किंमत नसते, असे आम्ही वर्गात शिकवायचो. मावशीला त्या शून्याची किंमत २२५ रुपये पडली असती.

आता त्या वर्षीचा हिशेब ऐका. हा हिशेब मावशीच्या वहीतला आहे, आमच्या फळ्यावरचा नाही.

तीन दिवसांत विकले ७८ दिवे. २५० प्रमाणे १९,५०० रुपये आले. खर्च १०,५००. हाती राहिले ९,०००. मजुरी किती व्हायला हवी? ९६ दिव्यांचे २४ दिवस, म्हणजे ९,६००. गाळ्यावरचे सहा दिवस, २,४००. एकूण १२,०००. म्हणजे मजुरी अजून ३,००० ने कमीच. पण १८ दिवे शिल्लक होते. ते पुढे पाडव्यापर्यंत ओळखीपाळखीने त्याच भावात गेले. त्यांचे ४,५०० आले. सगळ्यांची मजुरी भागली आणि १,५०० रुपये गटाच्या पेटीत राहिले. फार मोठी रक्कम नाही. पण पुढल्या वर्षीच्या बाटल्यांना कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

पाहा बरे! पहिल्या वर्षी सगळा माल संपला आणि खोट आली. दुसऱ्या वर्षी माल उरला आणि घरात चार पैसे आले. माल संपला म्हणजे धंदा झाला, असे नाही. धंदा झाला की नाही, ते वहीच सांगते. आपले कल्याण हे फार जुने बंदर. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानाचे लेख दगडात कोरलेले आहेत. दिले ते त्यांनी लिहून ठेवले, म्हणून इतक्या शतकांनी आपल्याला कळते. आपल्याला दगड नको. चाळीस पानी वही पुरे.

आता शेवटची गोष्ट. दुसऱ्या वर्षी प्रत्येक दिव्याच्या गळ्यात दोऱ्याने एक लहान चिठ्ठी बांधली होती. त्यावर जिने दिवा केला तिचे नाव. छापलेले नाही, तिने स्वतः लिहिलेले. मावशीचे अक्षर वाकडे होते. वेलांटी एकीकडे, काना दुसरीकडे. आम्ही म्हणालो, मी सुवाच्य लिहून देतो. ती म्हणाली, "नको गुरुजी. दिवा माझा, नाव मीच लिहिणार."

गाळ्यावर एका लहान मुलीने ती चिठ्ठी अक्षर लावून मोठ्याने वाचली आणि आईला विचारले, "ही कोण?" मावशी म्हणाली, "मी." एवढेच. पण ते तिने ज्या तऱ्हेने म्हटले, ते आम्ही विसरलेलो नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्यातले सगळेच काही काचेचे दिवे करणार नाहीत. कुणी टोपल्या विणेल, कुणी भाजी विकेल, कुणी दूध घालेल. टोपली फुटत नाही, पण भाजी सडते आणि दूध नासते. प्रत्येक धंद्यात काहीतरी फुटतेच. ते लपवू नका. मोजा आणि लिहा. आपले श्रमही लिहा. मग जो भाव येईल, तो ताठ मानेने सांगा.

आज घरी गेल्यावर वहीचे एक पान उघडा. डाव्या बाजूला लिहा, काय आणले. मधे लिहा, काय वाया गेले. उजव्या बाजूला लिहा, किती तास राबलो. आणि खाली, वाकडे का होईना, आपले नाव आपल्या हाताने घाला.

नमस्कार.

विचार करा आणि वहीत लिहा

१. बायांनी दिव्याचा भाव १०० रुपये ठेवला, तेव्हा हिशेबात कोणत्या दोन गोष्टी राहून गेल्या?

२. फुटलेल्या बांगडीचे पैसे कासार कुठून काढतो?

३. तुम्ही ५० अंडी आणली. ५ फुटली. अंडी ३०० रुपयांना पडली आणि येण्या-जाण्याला ६० रुपये लागले. एक अंडे कितीला विकले म्हणजे निदान खर्च निघेल? त्यात तुमची मजुरी किती धराल?